गाळ एका दिवसात निघत नाही

घरात कुणाला डिप्रेशनची गोळी नुकतीच सुरू झाली असेल, तर चहाचा कप घेऊन बसा आणि हे वाचा. गोळी घेणारे तुम्ही स्वतःच असाल, तर सावकाश वाचा. घाई नाही.

मी काशीत राहतो. ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत. आमचे पूर्वज पेशवाईत इकडे आले आणि इथलेच झाले. बोलण्यात निम्मं हिंदी येतं, पण घरात वरणभात मराठीच शिजतो. मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झालो. पण ही गोळी मी घेतली आहे. आधी चुकीची घेतली, मग नीट घेतली. त्या दोन्हींत काय फरक पडतो, ते सांगायला बसलो आहे.

थोरला भाऊ गेला. त्याचे दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं, तरी माझं मन वर येईना. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. भूक मेली होती. घाटाच्या पायऱ्या जन्मभर उतरलो, पण त्या वर्षी त्या उतराव्याशाच वाटेनात. घरच्यांनी डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळी लिहून दिली, रोज एक. रांग मोठी होती, ते घाईत होते. गुण कधी येईल हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आठ दिवस घेतली. मळमळलं, डोकं जड झालं, होती तीही झोप उडाली. मनाला मात्र काही फरक नाही. नवव्या दिवशी पाकीट बाजूला ठेवलं. दहांतल्या आठ गोळ्या संपलेल्या, दोन तशाच. देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी, ते पाकीट कितीतरी महिने पडून होतं.

"गोळी लागू पडली नाही," असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. खरं तर मी तिला वेळच दिला नव्हता.

तुमचं असं होऊ नये, म्हणून हा खटाटोप.

गोळीला इतके दिवस का लागतात?

डोकेदुखीची गोळी अर्ध्या-एक तासात उतार देते. आपल्याला त्याचीच सवय. डिप्रेशनची गोळी तशी नाही. तिचा थोडा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पुरता गुण यायला सहा ते आठ आठवडेही लागतात.

असं का? आपल्याला सांगतात, "मेंदूतलं एक केमिकल कमी झालं आहे, गोळी ते वाढवते." त्या केमिकलचं नाव सेरोटोनिन. मेंदूच्या एका पेशीनं दुसरीला निरोप धाडायचा असला, की ती ते सोडते. काम झालं की परत ओढून घेते. बहुतेक गोळ्या हे परत ओढणं थांबवतात. गोळी परत ओढणं थांबवते, एवढं खरं आहे.

पण हे थांबवण्याचं काम गोळी पहिल्या काही तासांतच करते. मग सकाळी घेतलेल्या गोळीनं संध्याकाळी मन का हलकं होत नाही? हा प्रश्न शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं छळत होता. म्हणजे 'केमिकल कमी' ही गोष्ट अर्धीच आहे. उरलेलीतली काही पेशीच्या सालीत असावी.

पेशीला साल असते. ती चरबीच्या दोन थरांची. इतकी पातळ, की कांद्याचा पापुद्रा तिच्याहून हजारो पटींनी जाड. ही साल घट्ट नसते, तेलासारखी हलती असते. तिच्यात प्रथिनं तरंगत असतात. काही प्रथिनं दारावरच्या घंटेसारखी. बाहेरचा निरोप आला की ती वाजतात. पण घंटा वाजून भागत नाही. आत जाऊन सांगणारं कुणीतरी लागतं. ते काम 'जी प्रोटीन' नावाची प्रथिनं करतात. या सांगकाम्यांचा शोध लावणाऱ्या आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना १९९४चं नोबेल मिळालं.

आता काशीचा एक देखावा डोळ्यांसमोर आणा. श्रावण-भाद्रपदात गंगा चढते. पायऱ्या बुडतात, घाटाघाटांचा रस्ता तुटतो. नावा बांधून ठेवतात. आश्विनात पाणी उतरतं आणि मागे गाळ ठेवून जातं. पायरी कुठली, चौथरा कुठला, कळत नाही. एखादी नाव त्या गाळात रुतून बसते. नाव धड असते. नावाडीही जागेवर असतो. प्रवासी हाका मारतात. पण नाव हलत नाही.

पेशीच्या सालीतही काही पट्टे असे दाट असतात. तिथे कोलेस्टेरॉल जास्त असतं. शास्त्रज्ञ त्यांना चरबीचे तराफे म्हणतात. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात मार्क रासेनिक यांच्या प्रयोगशाळेनं यावर वर्षानुवर्षं काम केलं. डिप्रेशननं ग्रासलेल्या आणि आयुष्य संपवलेल्या माणसांच्या मेंदूचे नमुने त्यांनी तपासले. त्यांच्यात एक जी प्रोटीन या दाट पट्ट्यांत जास्त अडकलेलं दिसलं. हे त्यांनी २००८ साली छापलं. प्रोटीन कमी झालेलं नव्हतं. ते रुतलेलं होतं. बाहेर घंटा वाजली तरी आत निरोप नीट पोचत नव्हता.

पुढे २०१६ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. प्रयोगशाळेतल्या पेशींना डिप्रेशनची औषधं दिली, तर ती हळूहळू याच दाट पट्ट्यांत जाऊन साठतात. आणि रुतलेलं प्रोटीन हळूहळू मोकळं होतं. ज्या पेशींना सेरोटोनिन परत ओढायची सोयच नव्हती, त्यांच्यातही हे झालं. आपल्याकडे खूप लिहून दिली जाणारी एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी या पट्ट्यांत साठली. तिचंच आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं रूप दिलं, तर ते मात्र साठलं नाही.

साल पाहणारे शास्त्रज्ञ आणखीही आहेत. हेलसिंकीच्या एरो कास्ट्रेन यांच्या गटानं २०२१ साली दाखवलं, की ही औषधं सालीतल्या दुसऱ्या एका प्रथिनाला थेट चिकटतात. मेंदूच्या पेशींची वाढ आणि नव्या जोडण्या त्या प्रथिनावर अवलंबून असतात. आपल्या हैदराबादेत, सीसीएमबी संस्थेत, अमिताभ चट्टोपाध्याय यांनी सेरोटोनिनच्या एका घंटेचा अभ्यास केला. तिच्याभोवतीचं कोलेस्टेरॉल काढून घेतलं, तर ती नीट काम करीत नाही, असं त्यांना आढळलं.

यातलं बरंच काम प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि प्राण्यांवर झालेलं आहे. डिप्रेशनला इतरही कारणं असतात. दुःख, गरिबी, एकटेपण, थायरॉइड, अंगात मुरलेलं दुखणं. पण तुमच्या-माझ्या घरापुरती एक गोष्ट पक्की धरा. गोळी पोटात गेल्यावर काम सुरू होतं, फक्त ते दिसत नाही. गाळ एका दिवसात निघत नाही.

आणि एक लगेच सांगतो. कोलेस्टेरॉलचं नाव निघालं म्हणून तूप बंद करू नका. वाटीभर पिऊही नका. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल आपणच बनवतो, ताटातलं तिथवर पोचत नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली असेल, तर तीही सोडू नका.

आता करायचं काय, ते ओळीनं सांगतो.

सुरू करताना

डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. बीपीची, शुगरची, गुडघेदुखीची, सर्दी-खोकल्याची. नावं आठवत बसण्यापेक्षा हे सोपं.

का? रक्त पातळ करणारी गोळी किंवा रोजची वेदनाशामक गोळी चालू असेल, तर यातल्या काही गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. ट्रामाडॉल नावाची दुखण्याची गोळी यांच्यासोबत घातक ठरू शकते. खोकल्याच्या काही औषधांचंही तसंच. डॉक्टरांना माहीत असेल, तर ते तोड काढतील. माहीतच नसेल, तर काय काढणार?

काढे आणि घनवट्याही त्या पिशवीत टाका. लाजू नका. यात सर्पगंधेचं नाव मुद्दाम घेतो. ही आपली जुनी वनस्पती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरचा गुण इंग्लंडच्या नियतकालिकात मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. पुढे तिच्यातून रेसरपिन हे औषध निघालं. मग डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की ते घेणाऱ्या काही रोग्यांचं मन खचतं. मेंदूतल्या केमिकलचा आणि मनाचा संबंध जोडण्यात या अनुभवाचा मोठा वाटा होता. झोप लागावी किंवा बीपी उतरावं म्हणून अजूनही कुणी सर्पगंधेच्या गोळ्या घेतात. मन आधीच उदास असेल, तर त्या आपल्या मनानं घेऊ नका.

आणखी एक सांगायला विसरू नका. पूर्वी कधी उलट झालं होतं का? रात्र रात्र झोप नाही तरी थकवा नाही, अफाट बोलणं, वाटेल तसा खर्च, मोठमोठे बेत? तसं झालं असेल, तर आजार वेगळा असू शकतो आणि त्याची गोळी वेगळी असते. हे घरच्यांनी सांगायचं, कारण त्या दिवसांत आपलं काही चुकतंय, असं त्या माणसाला वाटलेलंच नसतं.

डॉक्टरांना विचारा: थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-बारा तपासायचं का? आणि निघताना तीन प्रश्न विचारल्याशिवाय खुर्ची सोडू नका. गुण कधी दिसेल? सुरुवातीला काय त्रास होईल? पुन्हा कधी येऊ? मी हे विचारलं नाही, त्याची किंमत मोजली.

पहिले दोन-तीन आठवडे

हे दिवस कठीण. त्रास आधी येतो, गुण नंतर. मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं, झोप उडणं किंवा फार येणं, थोडी बेचैनी. बहुतेकांचा हा त्रास आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो.

गोळी जेवणानंतर घ्या, मळमळ कमी होते. झोप उडत असेल, तर सकाळी घेऊ का, हे विचारा. गुंगी येत असेल, तर रात्री घेऊ का, हे विचारा. वेळ एकच ठेवा.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पहिल्या दिवशी खूण करा. रोज एक फुली मारा. हे फार उपयोगी पडतं. उदास माणसाला दिवस लांब वाटतो. त्याला वाटतं, 'महिना झाला घेतोय.' कॅलेंडर सांगतं, 'अकरा दिवस झाले.'

एखाद्या दिवशी विसरलात, तर आठवल्यावर त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

घरात साठीच्या पुढचं कुणी ही गोळी घेत असेल आणि बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळीही चालू असेल, तर डोळ्यांत तेल घालून पाहा. अंगातलं सोडियम उतरू शकतं. माणूस गोंधळल्यासारखं बोलतो, तोल जातो, सुस्त पडतो. 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. रक्त तपासून घ्या.

शौचाला काळी झाली, अंगावर पुरळ उठलं, ताप येऊन हातपाय थरथरू लागले, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

घरच्यांनी काय करायचं

गोळी पेशीच्या सालीवर काम करते, तेवढे दिवस माणसाला सांभाळायचं काम घराचं.

"मन घट्ट कर" म्हणू नका. "तुला कमी काय आहे?" असंही म्हणू नका. रुतलेल्या नावेला काठावरून ओरडून काय होणार? त्यापेक्षा शेजारी बसा. भाजी निवडायला घ्या. थोडं चालायला न्या. घाटापर्यंत नाही जमलं, तर गल्लीच्या टोकापर्यंत.

वयाची पंचविशी न गाठलेली मुलं ही गोळी सुरू करतात, तेव्हा सुरुवातीचे आठवडे जास्त जपा. त्या काळात काहींच्या मनात मरणाचे विचार वाढू शकतात. सगळ्याच वयाच्या माणसांकडे लक्ष ठेवा, पण यांच्याकडे अधिक. बेचैनी एकदम वाढली, निरोपाचं बोलणं आलं, जवळच्या वस्तू वाटून टाकणं आलं, तर सरळ विचारा: "जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?" विचारल्यानं विचार शिरत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून ओझं उतरतं.

अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका. घरातली औषधं, फवारणीची औषधं कुलपात ठेवा. महिनाभराच्या गोळ्या एकाच हातात देऊ नका. रात्र असली तरी १४४१६ या नंबरावर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीतही बोलता येतं. धोका समोर दिसत असेल, तर फोनवर न थांबता सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

काय टाळायचं

दारू टाळा. ती मनाला आणखी खाली ओढते आणि गोळीची गुंगी वाढवते.

आमच्या गावात आणखी एक गोष्ट सांगावी लागते. इथे भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. ठंडाईत ती सहज येते. 'भोलेबाबाचा प्रसाद' म्हणून कुणी आग्रह करतं. दर्शनाला आलात आणि तुमची गोळी चालू असेल, तर हात जोडून नाही म्हणा. काही जुन्या गोळ्यांसोबत भांगेनं छातीत भयंकर धडधड होते. नव्या गोळ्यांसोबतही बेचैनी आणि गोंधळ वाढू शकतो. ठंडाई साधी मागा. 'बिना विजया' म्हटलं, की इथला दुकानदार समजतो.

झोपेच्या गोळीशीही गल्लत करू नका. मला झोप येईना तेव्हा एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठी न बघता पुडीत बांधून दिली. अल्प्राझोलाम. त्या रात्री झोप लागली. मग ती गोळी मला सोडेना. अशा गोळ्यांची सवय लागते, मात्रा वाढत जाते. डिप्रेशनच्या गोळीची तशी ओढ लागत नाही. पण लोक दोन्हींना 'डोक्याची गोळी' म्हणतात आणि हवी तिला सोडतात, नको तिला धरतात. पाकिटावरचं नाव वाचा. डॉक्टरांना विचारा, यातली कुठली थोड्या दिवसांची आणि कुठली लांब पल्ल्याची.

शेजारणीला लागू पडली म्हणून तिची गोळी घेऊ नका. आपली तिला देऊ नका.

उपवास आणि प्रवास

एकादशी असो, नवरात्र असो, औषधाला उपवास नसतो. साबुदाण्यावर घेतली तरी चालते. निर्जळीचा नेम असेल, तर घोटभर पाण्याचं देवाला वाईट वाटत नाही, असं मी आजवर समजत आलो.

प्रवासात गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत नको. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसनं काशीला यायला दिवसरात्र जाते, वर गाडीला उशीर. चार-पाच दिवसांच्या गोळ्या जास्त घ्या. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे इथल्या दुकानात अडणार नाही.

अस्थी घेऊन तुम्ही इथे येता. मी तुम्हाला घाटावर पाहतो. गेलेल्या माणसासाठी रडणं हा आजार नाही. त्याला गोळी नको, माणसं हवीत. पण महिने उलटले तरी झोप नाही, जेवण नाही, कामावर लक्ष नाही, आपण कशाच्या लायकीचे नाही असं वाटत राहतं, तर ते दुःख आता एकटं राहिलेलं नाही. मग डॉक्टरांना दाखवा.

बरं वाटायला लागल्यावर

खरी परीक्षा इथे आहे. बरं वाटलं, की माणूस म्हणतो, "आता कशाला?" आणि सोडतो.

सोडू नका. पूर्ण बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवायला डॉक्टर सांगतात. आजार पुन्हापुन्हा आला असेल, तर त्याहून जास्त. लवकर सोडली, तर आजार परतायची भीती राहते.

बंद करायची वेळ आली, की तीही हळूहळू. डॉक्टर मात्रा उतरवत नेतात, काही आठवडे, कधी काही महिने. एकदम तोडली, तर चक्कर येते, चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं. त्यावरून कुणी म्हणेल, "बघा, सवय लागली." ती सवय नव्हे. महिनोन्‌महिने औषधाशी जुळवून घेतलेल्या शरीराला त्याच्याशिवाय राहायला वेळ लागतो. यायला जसा वेळ लागला, तसाच जायलाही लागतो.

बाळाची चाहूल लागली असेल, तर घाबरून गोळी फेकू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. काय चालू ठेवायचं, काय बदलायचं, ते दोघं मिळून ठरवा.

नवरा-बायकोच्या संबंधांत अडचण आली, वजन वाढलं, तर लपवू नका. बरेच जण लाजून बोलत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांना हे रोज ऐकायला मिळतं. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते.

आणि सहा-आठ आठवडे नीट घेऊनही गुण नसेल, तर तेही सांगा. एक गोळी सगळ्यांना लागू पडत नाही. त्यात तुमचा दोष नाही. दुसरी गोळी आहे, बोलून केलेले उपचारही आहेत. गोळी आणि समुपदेशन एकत्र चाललं, तर पुष्कळांना जास्त उपयोग होतो.

जायचं कुठे?

काशीत असाल तर बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल हॉस्पिटलात मानसोपचार विभाग आहे. पांडेयपूरला सरकारी मानसिक चिकित्सालय आहे. केसपेपरला इथे परचा म्हणतात, तो जपून ठेवा. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. पण साध्या डिप्रेशनसाठी तिथवर जायची गरज नसते. आधी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

'लोक काय म्हणतील' हा विचार दारात चपलांसोबत ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा तुमचा हक्क केला आहे. विमा कंपनीनंही मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचं, असं त्यात म्हटलं आहे. पॉलिसी काढून वाचा.

शेवटचं

दुसऱ्या खेपेला मी गोळी नीट घेतली. कॅलेंडरवर फुल्या मारल्या. पहिला आठवडा वाईट गेला. तिसऱ्या आठवड्यात झोप थोडी लांबली. मन मात्र तसंच, असं मला वाटत होतं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी म्हणालो, "चहा फिका आहे." आमची ही डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "दीड वर्षात तुम्ही चवीबद्दल पहिल्यांदा बोललात." चहा तोच होता. रोजच तेवढी साखर पडत होती.

म्हणून घरच्यांना सांगतो, फरक तुम्हाला आधी दिसतो. झोप, भूक, एखादी तक्रार, एखादा जुना विनोद. दिसला की त्या माणसाला सांगा. त्याला स्वतःला तो दिसत नसतो.

पाणी उतरल्यावर इथे पंप लावून घाट धुतात. सकाळपासून पाण्याची धार मारतात. संध्याकाळी बघावं, तर दोन पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी आणखी दोन-तीन. बघणाऱ्याला वाटतं, हे कधी संपायचं? कार्तिकी पौर्णिमेला त्याच पायऱ्यांवर दिवे लागतात.

देवघराच्या खणातल्या त्या दोन गोळ्या मी शेवटी टाकून दिल्या. त्यांची मुदत कधीच संपली होती. तुमच्या खणात असं अर्धवट पाकीट असेल, तर ते परत सुरू करू नका. ते घेऊन डॉक्टरांकडे जा आणि खरं ते सांगा: इतके दिवस घेतली, मग सोडली. ते रागावणार नाहीत. रागावले, तर दुसरे डॉक्टर आहेत.

गोळी चालू असेल, तर आजचा कितवा दिवस, ते कॅलेंडरवर मोजा. आणि उद्याची घ्या.